हॅसल्बीची शीव

थर्स्टन ओल्डेकर साहेबांना जेवायला बोलावलं, की शहाणी गृहिणी आधी घरातल्या जुन्या दस्तऐवजांची पेटी लपवायची आणि मग बदक भाजायला घालायची. साहेब खायचे बेताचं. पण एकदा पेटी उघडली, की दिवेलागणीपर्यंत माणूस हलायचा नाही. वर निघताना एखादा कागद हळूच मागायचे, ‘‘चार दिवसांत आणून देतो.’’ त्यांचे चार दिवस कधीकधी नऊ वर्षांचे होत.

सत्तावीस वर्षं ते आपल्या मुलखाचा इतिहास लिहीत होते. कुठल्या जमीनदाराची आजी कुणाची लेक, कुठल्या चर्चच्या फरशीखाली कोण निजलंय, सगळं त्यांना पाठ. त्यांची घोडीसुद्धा अशी तयार झाली होती, की चर्च दिसलं की आपण होऊन थांबायची. पुस्तक पुरं होण्याची घाई ना घोडीला होती ना साहेबांना. खाऊनपिऊन सुखी माणूस. बायको अर्सुला म्हणायची, ‘‘आमचे हे मेलेल्यांशी फार गोड बोलतात. जिवंत माणसाला मात्र तीनदा हाक मारावी लागते.’’

त्या एवढ्या थोरल्या बाडात एक जागा मात्र त्यांना सलायची. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सरदारावर चार पानं, आणि स्वतःच्या वडिलांवर एक ओळ: ‘एडमंड ओल्डेकर, तापाच्या साथीत वारले.’ वडील गेले तेव्हा साहेब सात वर्षांचे. चेहरा आठवत नव्हता, आवाज आठवत नव्हता. पत्र नाही, चित्र नाही. एका खरेदीखतावर तेवढी सही होती. ते खत साहेब उगाचच वरचेवर काढून बघत.

आणि ऐकीव गोष्ट लिहायची नाही, हा त्यांचा नेम. ‘‘लेखी आहे का?’’ हा प्रश्न सदा जिभेवर. गावात कुंपणं बांधणारा म्हातारा जॉर्डन पाईक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. तो जुनं काही सांगायला लागला की साहेब हसायचे. ‘‘जॉर्डन, तुझी आठवण म्हणजे चाळणीतलं पाणी.’’

‘‘आसंल मालक,’’ जॉर्डन म्हणायचा. ‘‘पर तुमची कागदं उंदरं खात्यात. माझी आठवन अजून कुनी खाल्ली न्हाई.’’

अशात खालच्या कुरणाचं प्रकरण उभं राहिलं. ओढ्याकाठचं हे कुरण हॅसल्बीच्या गोरगरिबांचं. बावीस झोपड्यांच्या गाई तिथं चरायच्या आणि तिथलंच गवत थंडीत खायच्या. शिवेचा दगड होता पार ओढ्याच्या वळणावर. एका हिवाळ्यात तो नाहीसा झाला. कुणाच्या डुकरांच्या खोपटाखाली गेला, देव जाणे. त्यावर शेजारच्या ब्रॅकस्टो गावचे जमीनदार सर रेनल्ड थॉर्प यांनी दावा ठोकला, की दगड वळणावर नव्हताच, तो इकडे वरच्या कुंपणापाशी होता. म्हणजे आख्खं कुरण ब्रॅकस्टोचं, पर्यायानं त्यांचं.

साहेबांनी मोठ्या ऐटीत दोनशे वर्षांपूर्वीची सनद काढली. तिच्यात लिहिलं होतं, ‘शीव दगडापर्यंत जाते.’ दगड कुठं आहे, ते लिहायची त्या काळी कुणाला गरज वाटली नव्हती. साहेबांनी सनद उलटसुलट करून पाहिली, उजेडाला धरून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

जून महिन्यात तिघे पंच खुद्द कुरणावर आले. झाडाखाली टेबल मांडलं, त्यावर शपथेसाठी बायबल ठेवलं. सारा गाव गोळा झाला. पहिली साक्ष जॉर्डनची.

‘‘पयलं दर साली पाद्री म्होरं आन् गाव मागं, आसं शिवंवरनं फिरायचो,’’ तो म्हणाला. ‘‘दर दगडापाशी पोरांना उलटं टांगून टाळकं आपटायचं. म्हंजी जल्मात दगड इसरायची न्हाईत. मग नवा पाद्री आला. त्यो म्हनला, ही अंधश्रद्धा. झालं, बंद पडलं. पर दगड वळनावरच व्हता. तितं म्या सोता पोरं टांगल्यात.’’

सर रेनल्डचे वकील गोड हसले. ‘‘बाबा, तुझी गाय आहे का?’’

‘‘हाय की. लई द्वाड हाय.’’

‘‘चरते कुठं?’’

‘‘हितंच.’’

वकिलांनी पंचांकडे बघून नुसते हात पसरले. ज्याची गाय त्याचीच साक्ष, तिला किंमत काय? गाय नसलेला, इभ्रतीचा माणूस हवा होता.

‘‘मग मालकांना इचारा!’’ जॉर्डन तडकला. ‘‘त्येंनाबी टांगलं व्हतं. सा वर्सांचं व्हतं त्ये. त्या दिशी पाच पोरं टांगली. तिघं तापानं गेली, एक दर्यात बुडालं. ऱ्हायलं त्ये ह्येच.’’

सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. थोरल्या पंचांनी बायबल त्यांच्यापुढं सरकवलं. एक ‘हो’ म्हटलं की बावीस गाई वाचत होत्या, आणि ओल्डेकरांच्या शब्दावर अविश्वास दाखवायची कुणाची छाती नव्हती. समोर विधवा मार्जरी उभी होती, तिची लेकरं त्या एका गाईवर जगत होती.

‘‘मला आठवत नाही,’’ साहेब म्हणाले.

गावानं कपाळावर हात मारला. ‘‘अहो, जरा आठवा ना!’’ कुणीतरी कळवळून म्हणालं.

अर्सुलाबाई पुटपुटल्या, ‘‘ह्यांना खोटं बोलता आलं असतं, तर आमचं लग्न दोन वर्षं आधी झालं असतं.’’

‘‘उभ्यानं कसं आठवंल?’’ जॉर्डन करवादला. ‘‘शिकीवलंय उलटं टांगून!’’

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून बायकोकडे दिली. मग तलवार, मग झगा, मग गळ्याची कडक इस्तरीची चुणीदार पट्टी.

‘‘मग टांगा,’’ ते म्हणाले.

‘‘काय पोरखेळ चाललाय!’’ वकील ओरडले.

थोरल्या पंचांनी हात वर केला. ‘‘तीस वर्षांत साक्षीदार उलटलेले पुष्कळ पाहिले. हा निदान सांगून उलटतोय. होऊ द्या.’’

साहेब हट्टाला पेटले, की आधी सर रेनल्ड सांगतात त्या जागी. न्याय म्हणजे न्याय. दोघा गवतकाप्यांनी वरच्या कुंपणापाशी त्यांचे पाय धरले आणि अठ्ठावन्न वर्षांचा इभ्रतदार गृहस्थ पाय वर, डोकं खाली असा आभाळाकडे गेला. काही आठवलं नाही. सदरा तोंडावर आला आणि सर रेनल्डचे बूट दिसले, एवढंच.

मग ओढ्याच्या वळणावर. तिथं जॉर्डन कण्हतकुंथत गुडघ्यांवर बसला आणि त्यानं गवतावर आपला पंजा पालथा ठेवला. साहेबांचं डोकं त्यावर टेकलं. ते डोळे फाडून ओढ्यापलीकडे बघू लागले. अर्सुलाबाई घाबरून पुढं धावल्या.

‘‘अहो! काय होतंय?’’

‘‘अर्सुला,’’ साहेब खालून म्हणाले, ‘‘तिसरी वही आण. तापातलं स्वप्न!’’

ते स्वप्न बाईंना ठाऊक होतं. लहानपणापासून साहेबांना एक चमत्कारिक देखावा दिसायचा, आणि तो बहुतेक तापात पाहिला असावा अशा समजुतीनं त्यांनी तो आपल्या टिपणवहीत उतरवून ठेवला होता. उलटी गिरणी, आणि तिच्या छपरातून चर्चचा मनोरा खाली लोंबतोय. आता वळणावरून पाहिलं, तर पलीकडे पाणगिरणी होती आणि तिच्या छपराच्या बरोब्बर मधून ब्रॅकस्टोच्या चर्चचा मनोरा वर निघाला होता.

‘‘आत्ता दिसलं म्हणून सांगताहेत,’’ वकील म्हणाले.

पण वही आली. अकरा वर्षांपूर्वीची तारीख, सही, आणि शेजारी साहेबांच्या हातचं वेडंवाकडं चित्र. उलट्या गिरणीतून लोंबणारा मनोरा. लेखी होतं! थोरल्या पंचांनी चित्र पाहिलं, समोर पाहिलं, समाधान होईना. शेवटी ते वयाचा विचार न करता पाठ फिरवून वाकले आणि स्वतःच्या दोन पायांमधून गिरणीकडे बघू लागले. मग वरच्या कुंपणापाशी जाऊन तिथंही वाकले. तिथून मनोरा गिरणीपासून चांगला एका बागेइतका दूर सरकत होता.

‘‘दगड वळणावर होता,’’ ते सरळ होत म्हणाले. ‘‘कुरण हॅसल्बीचं.’’

मार्जरीनं साहेबांचा हात धरला आणि भर गावात त्याचा मुका घेतला. साहेब कानापर्यंत लाल झाले. अजून त्यांची गळपट्टीही बांधून व्हायची होती.

संध्याकाळी जॉर्डन साहेबांच्या अभ्यासिकेत बसला होता. हातात बिअरचा पेला, पुढ्यात मनुकांचा केक. उन्हं अजून खिडकीत होती. साहेब त्याची साक्ष स्वतःच्या हातानं उतरवून घेत होते, आणि ‘लेखी आहे का’ हे आज एकदाही विचारलं नव्हतं.

‘‘एक सांग. दगड तर तिथं नाही. मग माझ्या डोक्याखाली हात कशाला ठेवलास?’’

‘‘तुमच्या वडलांनी ठिवला व्हता तसा ठिवला.’’

साहेबांची लेखणी थांबली.

‘‘रीत व्हती दगडावर टाळकं आपटायची,’’ जॉर्डन केक चावत म्हणाला. ‘‘पोरगं बोंबललं की गाव हसायचा. तुमची पाळी आली तवा वडलांनी पाय धराया मला लावलं, आन् सोता खाली बसलं. दगडावर हात पालथा घातला. म्या आपटलं त्ये त्येंच्या हातावर. बोटं पार सोलली की वो! तुमच्या आईला जाऊन सांगितलं, कुंपनात घावली. मला म्हनलं, जॉर्डन, कुटं बोलू नगंस, रीत मोडली म्हनत्याल. न्हाई बोललो. बावन्न वर्सं झाली.’’

साहेब रडले. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, आणि जॉर्डननंही तिकडे न बघता केकचा दुसरा तुकडा उचलला.

मग त्यांनी थोरलं बाड ओढलं. हॅसल्बीचं प्रकरण काढलं. ‘एडमंड ओल्डेकर, तापाच्या साथीत वारले.’ त्याखाली सत्तावीस वर्षं कोरी राहिलेली जागा होती. साहेबांनी लेखणी बुडवली आणि जॉर्डननं सांगितलं तसं लिहिलं, शेवटी आधार म्हणून त्याचं नावही घातलं: जॉर्डन पाईक, कुंपणं बांधणारा, याच्या तोंडून ऐकलं. लिहिता लिहिता ते थबकले.

‘‘कुठला हात? उजवा की डावा?’’

‘‘डावा,’’ जॉर्डन म्हणाला. ‘‘उजव्यानं तुमची मान सावरली व्हती.’’

साहेबांनी तेही लिहून घेतलं.