साळवे सरांची नोंदवही

साळवे सरांशी माझी ओळख त्यांच्या एका अटीमुळे झाली. मी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात कारकून. महाविद्यालयाचे संगणक सांभाळणाऱ्या सरांनी मेल सर्व्हरवरचे पासवर्ड बंद केले होते. प्रत्येकाच्या संगणकात त्याच्या नावाचे डिजिटल प्रमाणपत्र, म्हणजे एक प्रकारचे ओळखपत्रच, बसवायचे आणि सर्व्हर ते तपासूनच मेल उघडू देणार. ते दर वर्षी नवे करून घ्यायला स्वतः सरांच्या खोलीत जावे लागे. प्राचार्यांनाही सूट नव्हती. ग्रंथपाल वैतागून म्हणाले, "मेल बघायला आता पासपोर्ट काढू का?" सर सोयगावचे. शांतपणे म्हणाले, "काढा. फोटो लागत नाय."

कोणी नोकरी सोडली की सर त्याच दिवशी त्याचे प्रमाणपत्र रद्द करीत आणि एका जाड वहीत नाव व कारण लिहीत.

माझे पती, जाधव सर, तिथेच भूगोल शिकवत. गेल्या वर्षी ते गेले. मी रजेवर होते. रोज दुपारी त्यांचा लॅपटॉप उघडून त्यांचे जुने मेल वाचत बसे. दुसरे काही सुचत नव्हते.

महिन्याभराने सर हर्सूलला आमच्या घरी आले. एरवी मला मॅडम म्हणणारे सर त्या दिवशी वहिनी म्हणाले. चहा संपवला. मग म्हणाले, "वहिनी, सर्व्हरच्या नोंदीत जाधव सर रोज दुपारी येतात. मी रोज बघतो. मलाही बरं वाटतं. पण हे बरोबर नाय."

आता मेल जाणार, असे वाटून मी लॅपटॉपवर हात ठेवला. सरांनी पिशवीतून एक डिस्क आणि प्राचार्यांची लेखी परवानगी काढली. सगळे मेल डिस्कवर उतरवले, प्रमाणपत्राशिवाय उघडून दाखवले आणि मगच प्रमाणपत्र रद्द केले. सोबत आणलेल्या वहीत नाव लिहिले. कारण मात्र त्यांच्याने लिहवेना. मी लिहिले, निधन.

रजा संपल्यावर त्यांनी मला आपल्या खोलीत बसवून हे काम शिकवायला घेतले.

आता सर साठ वर्षांचे होऊन निवृत्त होत आहेत. शेवटच्या दिवशी पाच वाजता त्यांचेही प्रमाणपत्र रद्द करायचे, असे त्यांनी मला बजावले आहे. मी करीन. कारणाच्या रकान्यात लिहीन, निवृत्त. त्यांच्या नावापुढे हा शब्द लिहिता येतो आहे, हे माझ्यासाठी फार आहे. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि चहाला ते हर्सूलला येत राहोत.