लंडनची जागा रिठदला ठरली

माझ्या नवऱ्याने लंडनमध्ये कुठे राहावं हे रिठदला आमच्या ओसरीवर ठरलं, आणि ठरवणाऱ्यांपैकी एकानेही लंडन पाहिलेलं नव्हतं. एक जण लढाईच्या काळात इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. तेवढ्यावर परदेशाच्या बाबतीत त्याचा शब्द गावात शेवटचा मानला जायचा.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. नवरा नागपूरला शिकला आणि पुलांचे नकाशे काढायच्या नोकरीवर लंडनला गेला, त्याला सव्वा वर्ष होत आलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यातले एकत्र काढलेले दिवस जोडले तर सात-आठ महिने भरले असते. बाकी सगळा वेळ तो नागपूरला, नाहीतर समुद्रापार, आणि मी सासरी. मुलगा नोकरीवर असला की त्याची बायको त्याच्या आईबापाजवळ राहते, हे आमच्याकडे कुणाला ठरवावं लागत नसे. मलाही कुणी विचारलं नव्हतं. याचा मला राग यायचा, पण राग दाखवायला जागा नव्हती, म्हणून मी भांडी जरा जोरात घासायची.

माझं माहेर शिरपूरचं. तिथे मी सातवी पास झाले होते, आणि सासरच्या घरात माझा खरा उपयोग तोच होता. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. ते सहीपुरतं शिकलेले. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तेवढंही नाही. नवऱ्याचं निळं हवाई पत्र आलं की मामाजी ओसरीवर बसत, मी डोक्यावर पदर घेऊन दाराच्या आतल्या बाजूला, आणि आत्याबाई माझ्या शेजारी. मग मी मोठ्याने वाचायची. एरवी मामाजींशी मी बोलत नसे. त्यांना पाणी हवं असलं तर ते अंगणाकडे बघून म्हणत, "कोनी पानी देता का?" आणि मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत वळायची.

त्यामुळे माझा आवाज ओसरीवर जायचा तो फक्त नवऱ्याच्या शब्दांनी. "मी इकडे खुशाल आहे," मी वाचायची. "मी दाढी वाढवली होती, ती काढून टाकली." बाहेर मामाजी गंभीरपणे मान हलवत, जणू दाढीवालाच समोर बसून बोलतोय. मला मात्र आत हसू आवरेनासं व्हायचं. माझ्यासाठी पत्रात निराळं काही नसे. शेवटी "घरात सर्वांस यथायोग्य" असं असायचं, आणि सर्वांत मीही आले, अशी मी मनाची समजूत घालायची.

त्या वर्षी तुरी शेंगांवर आलेल्या आणि कापसाची वेचणी चाललेली, तेव्हा ते पत्र आलं. ज्या घरात तो पैसे भरून पाहुण्यासारखा राहत होता ते घर विकायला निघालं होतं, आणि महिन्याभरात दुसरी जागा बघायची होती. तीन जागा त्याने पाहून ठेवल्या होत्या. पहिली शहरात, कामापासून दहा मिनिटांच्या वाटेवर: एक खोली, सोबत आपल्याकडचेच तीन नोकरदार, स्वयंपाक पाळीपाळीने, आणि बायकामाणसांना आत यायची बंदी. दुसरी शहराबाहेर, एका लहान गावात, रेल्वेने तासभर: दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, मागे थोडी मोकळी जमीन. तिसरी शहराच्या कडेला, सगळ्यांत स्वस्त, पण जमिनीखाली. "दादांनी विचार करून कळवावे," असं शेवटी लिहिलं होतं. मामाजींना तो दादा म्हणायचा.

वाचता वाचता दुसऱ्या जागेशी मी एकदम थांबले. दोन खोल्या आणि वेगळं स्वयंपाकघर एकटा माणूस कशाला पाहून ठेवील? पण पुढे माझं नाव येईना. मी पुढचं वाचत गेले.

फौजीकाका तिथे होतेच. बसऱ्याला जाऊन आलेले ते हेच. आमच्या शेजारचे. पोस्टमन गल्लीत शिरला की तेही शिरायचे.

"पहिले ते जमिनीखालचं सांगा," ते म्हणाले. "तिकडं असते तसं. पायऱ्या उतरून जा लागते."

"पेव हाय काय ते?" मामाजी म्हणाले. "पेवात ज्वारी ठेवतेत, मानूस नाही ठेवत." एवढ्यावर तिसरी जागा निकालात निघाली.

मग दुसरी. मामाजींना ती आवडली होती, आवाजावरूनच कळत होतं. मागे जमीन किती, उतार कोणीकडे, पाणी कुठलं, शेजारी कोण, त्याचा धंदा काय, असे सगळे प्रश्न त्यांनी विचारले, आणि पत्रात नसलेली उत्तरं फौजीकाकांनी दिली. आत्याबाईंनी आतूनच ओरडून विचारलं, "मेथी होते काय तिथं?" फौजीकाका म्हणाले, का नाही होणार, माती इथून तिथून मातीच. मी मनात त्या जमिनीवर मेथीचे वाफे घालून मोकळी झाले होते.

"पर रेल्वेनं तासभर, लांब नाही का पडत?" फौजीकाकांनी शंका काढली. "तासाभरात आपली गाडी वाशीमहून निघून दोन-तीन टेसनं करते. रोज येवढ्या दूर वावरात कोन जाते?"

"दूरचं काही नाही. जाईन तो, जवान हाय," मामाजी म्हणाले. नंतर त्यांनीच विचारलं, "तिथं दिवस कवा मावळते म्हने?"

हे आधीच्या एका पत्रात येऊन गेलं होतं. मी सांगू शकत नव्हते, म्हणून आत्याबाईंच्या कानात सांगितलं आणि त्या म्हणाल्या, "हिवाळ्यात चार वाजता म्हने."

"मंग तो घरी येईलोग अंधार," मामाजी म्हणाले. "तिनीसांजेले घराले कुलूप. दिवा कोन लावन?"

आमच्याकडे तिन्हीसांजेला घर अंधारं ठेवत नाहीत. घरची सगळी माणसं वावरात, म्हणजे शेतात, असली तरी एकजण दिवेलागणीला घरी येतो, दिवा लावतो आणि वाटल्यास परत जातो. बंद, अंधारं घर कुणी मुद्दाम घेत नाही, भाड्यानेसुद्धा नाही. तिकडे बटण दाबलं की दिवा लागतो हे फौजीकाकांनी सांगून पाहिलं. "बटन दाबाले मानूस लागते ना," मामाजी म्हणाले, आणि हे काही खोटं नव्हतं. पहिल्या जागेत चौघेजण राहणार, कुणी ना कुणी लवकर येणार. झालं, पहिली जागा ठरली.

"दौत-टाक घे, बाई," मामाजी अंगणाकडे बघून म्हणाले. "लिव. पहिली जागा घेने."

पहिली जागा म्हणजे बायकामाणसांना बंदी. पहिली जागा म्हणजे आणखी दोन वर्षं, तीन वर्षं, कोण जाणे किती, मी या दाराआड बसून "मी इकडे खुशाल आहे" वाचणार. आणि ते माझ्याच हाताने लिहायचं. टाक दौतीत बुडवला, मायना लिहिला, त्याच्या पत्रात साष्टांग असतो तिथे मामाजींच्या वतीने आशीर्वाद लिहिला, आणि हात पुढे सरकेना. मला रडू येत नव्हतं. चीड आली होती. दिव्याच्या नावाने माझा संसार विझवून टाकत होते, आणि विझवणारे तिघंही माझ्या भल्याचीच माणसं.

"दिवा लावाले मी जाईन," मी म्हटलं.

ज्या आवाजात पत्र वाचायची त्याच आवाजात म्हटलं असावं, कारण बाहेर मामाजी चटकन म्हणाले, "असं लिवलं हाय त्यानं? मंग आदी काहून नाही वाचलं?"

त्यांना ते पत्रातलंच वाटलं. सव्वा वर्षात दाराआडून माझ्या आवाजात त्यांच्या मुलाशिवाय दुसरं कुणी बोललंच नव्हतं. आता नुसतं "हो" म्हणायचं होतं. पत्र माझ्या हातात, वाचता येणारी घरात मी एकटी. मी हो म्हटलं असतं तर मामाजींनी त्याच दिवशी माझी ट्रंक खाली काढायला सांगितली असती. माझ्या तोंडात तो हो आलाही होता. पण मग पुढचं प्रत्येक पत्र वाचताना मी खरं काय वाचते आणि खोटं काय, हे मलाच आठवत बसावं लागलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "कागदात नाही. मीच म्हनून राह्यली."

आत्याबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याची खूण आठवडाभर होती. बाहेर फौजीकाकांना एकाएकी घरचं काम आठवलं. त्यांच्या वहाणा फाटकापर्यंत वाजत गेल्या. मामाजीही उठले. गोठ्यात गेले, बैलांपुढे कडबा टाकल्याचा आवाज आला. टाक वाळून गेला. आत्याबाई माझ्याशी बोलेनात आणि उठूनही जाईनात. मला वाटलं, आता शिरपूरला निरोप जाणार, तुमची मुलगी घेऊन जा म्हणून.

मामाजी परत आले ते ओसरीवर न बसता दारापाशी येऊन उभे राहिले. अंगणाकडे पाठ करून. इतक्या जवळून ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"लिव, बाई. दुसरी जागा घेने. सुनेले बलावून घेने. खाली लिव, तुह्या बापाचा हुकूम."

मी लिहू लागले तसे ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुह्या नावानं नोको लिवू. त्यानं तुले अजून बलावलं नाही. तू मांगशीन, आन् तो नाही म्हनन, तं त्याचं ते 'नाही' तुलेच मोठ्यानं वाचा लागन आमच्या म्होरं. माह्या नावानं जाऊ दे. मले तो नाही म्हनत नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो नाही म्हणू शकतो, हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. मी लिहिलं, मामाजींनी वाकडीतिकडी सही केली, आणि त्या रात्री मी नीट जेवले नाही.

उत्तराला तीन आठवडे लागले. फौजीकाका आले नाहीत, निदान त्या दिवशी तरी. मी नेहमीच्या जागी बसले आणि वाचू लागले. "तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार. आपल्या आज्ञेप्रमाणे दुसरी जागा घेतली आहे. सौ. च्या कागदपत्रांसाठी अकोल्यास अर्ज करावा लागेल, त्याचा तपशील खाली देत आहे." मग तपशील, मग थंडी, मग घरात सर्वांस यथायोग्य. पत्र दोन्ही बाजूंनी संपलं. मी ते उलटून पाहिलं, घडीच्या आतही पाहिलं, कुठेच आणखी ओळ नव्हती.

"आनखी काय लिवलं?" मामाजींनी बाहेरून विचारलं.

मी पत्राकडे पाहत राहिले. मग त्याच आवाजात वाचलं, "तिला बोलवायचं माझ्या मनात होतंच. आपण म्हणालात, फार आनंद झाला."

बाहेर मामाजी दाराकडे सरकले.

"तेवढं पुन्ना वाच, बाई," मामाजी म्हणाले.

मी पत्र मांडीवर ठेवलं आणि पुन्हा वाचलं.