भाऊजींच्या अंगठ्याची पट्टी

सकाळी भाऊजींचे रुमाल धुवायला घेतले होते. चौदापैकी सहा पिळून दोरीवर टाकले, बाकीचे बादलीतच राहिले. कारण आठला घराबाहेर पडलेले भाऊजी फाटकापासून मागे फिरले आणि पायरीवर बसले. तळहात मांड्यांवर उताणे.

"वहिनी, आज पट्टी उघडणार."

मला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून तर सकाळपासून कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

माझे धाकटे दीर यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मोजणीचं काम करतात. सोळा वर्षं झाली. त्यांच्या खोलीत बारा महिने एकच गारवा असतो. लाकडी पेटीत पोलादाचे ठोकळे, आरशासारखे चकचकीत. हवी तेवढी उंची होईपर्यंत ते एकावर एक चिकटवायचे, त्यावरून माप लावायचं आणि तयार भाग तपासायचे. शाळेत उत्तरपत्रिका घामानं भिजवणारा मुलगा असल्या नाजूक कामात कसा रमला, देव जाणे. पण त्या खोलीत कोणी मागे उभं राहत नसे, कोणी घाई करत नसे, आणि हात कोरडे राहत.

दोन वर्षांपूर्वी एक भिंत पाडून तिथे काच बसवली. पाहुणे येतात, काचेतून बघत उभे राहतात. तेव्हापासून हात जे गळायला लागले ते आजतागायत. सोबत्यांनी नाव ठेवलं, झरा. "झरा आला रे, बादल्या लावा!" भाऊजी ते घरी येऊन सांगत, वर स्वतःच हसत. मग जेवताना चमचा हातातून निसटला की हसू तिथेच विरून जाई.

उपाय थोडे का झाले? डॉक्टर म्हणाले, "घामाला घाबरू नका. घाबरलात की वाढतो."

"डॉक्टरसाहेब, घाबरायचं नाही असं ठरवलं की तिथूनच सुरू होतो," भाऊजी म्हणाले.

डॉक्टरांनी श्वास मोजायला शिकवलं. गोळ्या दिल्या, त्यांनी तोंडाला कोरड पडली, हातांना नाही. सासूबाई म्हणाल्या, "लोक घाम गाळून नोकरी टिकवतात, आमच्या बाळाची घामानंच जायची." बोलून गेल्या आणि मग बराच वेळ आत देवापुढे डोळे मिटून बसल्या.

देवावर सोडायचं तिथे मी माझं शहाणपण चालवलं. भांडी घासायच्या रबरी मोज्यांत मी चिमूटभर पावडर टाकते, हात आत चिकटत नाहीत. तेच भाऊजींना सांगितलं, "मोज्यांत थोडी पावडर टाकून तर बघा." त्यांचे कामावरचे हातमोजे सुती. पावडर विणीतून झिरपली आणि ठोकळ्यांच्या मध्ये जाऊन बसली. डोळ्यांना न दिसणारी उंची वाढली, माप चुकलं, आणि दोनशे चांगले भाग बारीक ठरून भंगारात गेले. साहेबांनी विचारलं, ही अक्कल कोणाची? भाऊजी म्हणाले, माझीच. हे मला आठ दिवसांनी कळलं, तेही खोदून खोदून विचारल्यावर.

साहेब तसे वाईट नाहीत. म्हणाले, पुन्हा पट्टी देऊन बघू. त्या खोलीत माणूस घेताना ही परीक्षा करतातच. पोलादाच्या चकचकीत पट्टीवर उघडा अंगठा दाबायचा आणि पट्टी दिवसभर दमट डब्यात ठेवायची. काहींच्या घामानं पोलाद लगेच गंजतं, काहींच्या नाही. पट्टी कोरी निघाली तर खोली भाऊजींची. गंजली तर गोदामात खोकी बांधायची. सोळा वर्षांपूर्वी त्यांची पट्टी कोरी निघाली होती.

काल त्यांनी अंगठा दाबला. मी विचारलं, कसा होता हात? म्हणाले, "काचेपलीकडे सगळे जमले होते, वहिनी."

तर आज पायरीवर बसले होते. मी म्हटलं, "उठा, कोपऱ्यापर्यंत मी येते." कोपऱ्यावर ते वळल्यावर मी घरी येऊन देवापुढे बसले. रोजची प्रार्थना ओठांवर येईना. एवढंच म्हटलं, या माणसानं तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, एक पट्टी कोरी ठेव.

दुपारी दीडला भाऊजी आले. खिशातून कागदात गुंडाळलेली पट्टी काढून सासूबाईंपुढे ठेवली. तपकिरी गंजात अख्खा अंगठा उमटला होता, रेघ न् रेघ.

सासूबाईंनी चष्मा लावला. "बाई बाई, किती स्पष्ट उठलाय," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

"साहेबही तेच म्हणाले. इतका झकास ठसा त्यांनी आजवर पाहिला नाही." भाऊजी हसायला गेले. ते जमलं नाही.

मी म्हटलं, "पावडरीचं मी साहेबांना सांगते. चूक माझी आहे."

"नको वहिनी. आता ते पावडरीवर राहिलेलंच नाही. माझ्या कातडीवर आलंय."

निकाल लागला होता, आता कसली भीती उरली होती? तरी बोटांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी हात लपवलेही नाहीत. आजवर ते आमच्यासमोरसुद्धा लपवायचे.

देव ऐकतो, यावर माझा विश्वास आहे. आज त्यानं ऐकलं आणि नाही म्हटलं. का, ते मला कळत नाही. कळल्यासारखं या वहीत लिहिणार नाही.

उद्या सकाळी साडेआठला भाऊजींना ठोकळ्यांच्या पेटीची किल्ली साहेबांच्या हातात द्यायची आहे आणि तिथून गोदामात हजर व्हायचं आहे.