जावेच्या फ्लॅटात सुके बांगडे

धाकटी जाऊ आणि मी, आम्ही दोघींनी एकाच चुलीचा धूर खाल्लेला. परसातल्या बावीचं पाणीही दोघीच ओढायचो. मग दिराला मुंबईत कंपनीत नोकरी लागली आणि ती गेली. माझा नवरा तापात गेला, मी राहिले. भात लावायचं, बांगडे खारवून सुकवायचे, मुलीला वाढवायचं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी निरोप आला, दिराने समुद्राजवळ मोठा फ्लॅट भाड्याने घेतला. चार बेडरूम. बेडरूम म्हणजे निजायची खोली, असं मुलीने सांगितलं. माणसं तीन आणि निजायला खोल्या चार. भाताची पेज वेळून काढताना मला तेच सुचत होतं.

मुलगी दहावी पास झाली होती. तिला पुढे शिकवायची माझी ताकद नव्हती. म्हटलं, त्या चारातली एक तिला मिळाली तर बरं. तिला घेऊन एसटी धरली. हात हलवत कसं जायचं, म्हणून घरचे सुके बांगडे फडक्यात बांधून घेतले.

जावेने दार उघडलं. मी काही बोलायच्या आत तिने गाठोडं ओढून घेतलं आणि दाराला कडी लावली.

"वयनी, ह्यां हय चलना नाय. मालकान पयलीच सांगल्यान, मासळी शिजली तर जागा खाली करूची."

"एवढ्या मोठ्या घरात बांगडो भाजूची चोरी?"

"हळू बोल गो बाय. बाजूक आयकाक जाता."

गाठोडं तिने प्लास्टिकात गुंडाळून न्हाणीत नेऊन ठेवलं. मग मला घर दाखवलं. प्रत्येक खोलीला दार, दोन खोल्यांना आपापली न्हाणी, नळ फिरवला की पाणी. एका खोलीत नुसते कपडे. माझं सगळं घर तिथे मावलं असतं. खिडकीतून समुद्र दिसत होता. आमच्याकडे तो घरात शिरतो, भांड्यांना मीठ लावतो. तिच्या खिडकीत मुकाट बसलेला. तोंडाने म्हटलं, "बरां आसा हां."

दुपारी दीर कामावर, तिचा मुलगा शाळेत. माझी मुलगी खिडकीशी बसलेली. जाऊ मला हळूच न्हाणीत घेऊन गेली. गाठोडं सोडलं.

"भाजतस खंय?" मी विचारलं.

"भाजूक नको, वास जातलो. तसोच दी."

नळ मोठा सोडून, उभ्या उभ्या तिने तो खारा बांगडा कच्चाच खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या, मिठाने की कशाने, मी विचारलं नाही. मला कीव यायला हवी होती. आली पण असेल थोडी. पण नजर नळाकडे जात होती. एवढं पाणी नुसतं वाहून चाललेलं.

तिथेच विचारलं, "माज्या चेडवाक ठेवशीत काय गो हय?"

ती हात धूत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हवांदे. खोली रिकामीच आसा. पण तिका सांग, सुक्याचा नाव काढू नको."

मुलीला तिथे ठेवून मी एकटी परत आले. जे मागितलं ते मिळालं. तरी एसटीत बसल्यावर वाटलं, हिने हेही घेतलं.

पुढच्या मे महिन्यात मुलगी घरी आली. अंगाने भरलेली, केस काकीसारखे विंचरलेले. मी चुलीतले निखारे ओढून बांगडा भाजायला ठेवला. ती उठली आणि खिडकी लावून घेतली.

"गो, खिडकी कित्याक लावलंस?"

"वास जातो ना बाहेर, आई."

"जावंदे. हय कोणाची चोरी?"

तिला हसू आलं, तिने खिडकी उघडली. बांगडे मात्र पोटभर खाल्ले. जायच्या दिवशी म्हणाली, "काकीसाठी थोडे बांध हां. आमच्याकडे मिळतात कुठे?"

आमच्याकडे. मडक्यातले मोठे बाजूला सारले, लहान लहान निवडून बांधले. वास येऊ नये म्हणून दोन प्लास्टिकात बांध म्हणत होती.

मी एकातच बांधले.