फलकावरची सावळी नवरी

काल थोरली बहीण वसूताई आणि मी भाजी घेऊन स्कूटरवरून परतत होतो. चौकात ताईने अचानक स्कूटर थांबवली. समोर दागिन्यांच्या दुकानाची नवी जाहिरात लागली होती. फलकावरच्या नवरीच्या नाकात नथ, कपाळाला मुंडावळ्या आणि रंग अगदी ताईसारखा, चांगला सावळा. अशा फलकांवर आजवर आम्ही गोऱ्यापान मुलीच पाहिल्या होत्या.

"हिला कोणी उजळ केलं नाही गं," ताई म्हणाली. "रंग सोडला तर मुलगी चांगली आहे," हे वाक्य तिने लग्नाआधी किती जणांकडून ऐकलं होतं.

शेजारी गजरे विकणाऱ्या मावशी हसल्या. "सकाळपासून बायका थांबून बघतायत. माझी नात म्हणाली, आजी, ही आपल्यातली."

जाहिरात दागिने खपवायलाच असते, हे मला कळतं. तरी आपल्यासारखा चेहरा कुठेतरी एवढा मोठा, एवढा सजलेला दिसावा, याची भूक माणसाला असतेच. ताईकडे पाहताना ती भूक भागल्याचं मला दिसत होतं.

तिने गजरा घेऊन माळला आणि फोन माझ्या हातात दिला.

"फोटो काढ माझा."

"ताई, इकडे सावलीत ये."

"नको," ती म्हणाली, "मी उन्हातच उभी राहते."