निळूसाठी वीस लिटर

कुंडलिक तायडे महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले. रस्त्यातल्या चेंबरमध्ये लांब लोखंडी चावी घालायची, व्हॉल्व्ह फिरवून घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीला पाणी सोडायचं आणि वेळ संपली की बंद करायचं, हे काम ते एकतीस वर्षं करत होते. स्वभाव सतत काळजी करण्याचा. व्हॉल्व्ह पुरता उघडला तरी सगळ्यात वरच्या घरी फोन करून विचारायचे, "पोचलं का हो पाणी?"

डिसेंबरात मुलगी सपना नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि जाताना आपला मासा त्यांच्या हवाली करून गेली. गडद निळा फायटर, दुकानदार ज्याला बेटा म्हणतात. नाव निळू. राहायचा फ्रीजवरच्या काचेच्या गोल बाउलमध्ये, त्यात दोन लिटर पाणीही मावत नव्हतं.

"पप्पा, तुमच्या भरवशावर आहे हां," सपना म्हणाली होती. तायडेंना एवढं पुरे होतं. माशाला ताज्या पाण्याची कमी पडू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. रोज सकाळी नळाला पाणी आलं की बाउल रिकामा करायचा, घासायचा आणि काठोकाठ भरायचा.

दहाव्या दिवशी निळूनं खाणं सोडलं. पंख मिटून अंगाला चिकटले. तो तळाशी आडवा पडून राही आणि मधूनच धडपडत वर येऊन तोंडानं हवा घेई. तायडे घाबरले आणि दिवसातून दोनदा पाणी बदलू लागले. मासा आणखीच मलूल झाला. ड्युटीवरून ते बायकोला, जयाला, तासातासाला फोन करत. "हलतोय का?"

"हलतोय हो! मी ब्लाउज शिवू की माशाकडे बघत बसू?" जया घरीच शिवणकाम करायची. पण फोन ठेवला की उठून बघायचीच.

अशाच एका संध्याकाळी सपनाचा व्हिडिओ कॉल आला. "निळू कसा आहे?"

"झकास," तायडे म्हणाले आणि कॅमेऱ्यात फ्रीज येणार नाही अशा बेतानं बसले.

दुसऱ्या दिवशी निळूला झाकणाच्या बरणीत घालून ते स्टेशनजवळ अल्पेशच्या माशांच्या दुकानात गेले. रिक्षात बरणी दोन्ही हातांनी धरलेली, प्रत्येक खड्ड्याला जीव वरखाली.

अल्पेशनं बरणी उजेडात धरली. "काका, पाणी किती वेळा बदलता?"

"रोज. आता दोनदा. सगळं."

"नळाचं? डायरेक्ट?"

"चांगलं पाणी असतं आमचं," तायडे जरा ताठ होऊन म्हणाले.

"माणसांसाठी चांगलंच आहे. क्लोरीन लागतंच ना त्यात. पण माशाचे कल्ले जळतात त्यानं. आणि एवढ्याशा पाण्यात घाण एका दिवसात साठते. बदललं की एकदम गार पडतं. रोज नवीन धक्का बसतोय त्याला."

तायडे स्टुलावर बसले. म्हणजे आजार बाहेरून आलाच नव्हता. "वाचेल का?" त्यांनी विचारलं.

"सांगू शकत नाही, काका. पण बाउल बंद करा. कमीत कमी वीस लिटर पाहिजे. पाणी जास्त असलं की घाण लगेच चढत नाही, गार-गरमसुद्धा हळूहळू होतं. छोटा हीटर, हळू चालणारा फिल्टर आणि वर झाकण. उडी मारतो हा."

दुकानात तेवढ्याच पाण्याच्या दोन टाक्या होत्या. एक उभी, अरुंद, खोलीच्या कोपऱ्यात सहज बसेल अशी. दुसरी दीड फूट लांब, आठ इंच रुंद, दहा इंच उंच. तायडेंनी उभीला हात लावला. "पाणी तर सारखंच आहे."

"पाणी सारखं. पण हा हवा घ्यायला वर येतो ना. पंख जड, त्यात आजारी. दर वेळी एवढा जिना चढायला लावणार त्याला?"

तायडेंनी हात काढला. पण आडवी टाकी ठेवायची कुठे? घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. अल्पेशनं क्लोरीन घालवायचे थेंब दिले आणि तोवर निळूला मोठ्या बादलीत ठेवायला सांगितलं.

घरी येऊन त्यांनी वर्तमानपत्र टाकीच्या मापाचं कापलं आणि ते घेऊन खोलीभर फिरले. फ्रीजवर? फ्रीज थरथरतो. कपाटावर? हात पोचत नाही. खिडकीत? दुपारचं ऊन. भरलेली टाकी पंचवीस किलोची होणार, तेव्हा भिंतीवरच्या फळीचा प्रश्नच नव्हता. मध्येच बादलीपाशी वाकून बघायचे, पुन्हा कागद उचलायचे.

जयानं मशीन थांबवलं. भिंतीला लागून तिचं लोखंडी टेबल होतं. त्यावरच ती कापड बेतायची, इस्त्री करायची. तिनं कापडांचे गठ्ठे उचलून पलंगावर टाकले. "आणा तो कागद इकडे."

कागद नीट बसला, पण टेबल जवळजवळ भरलंच.

"आणि तुझं कटिंग?"

"जमिनीवर करीन."

"गुडघे दुखतील तुझे."

"दुखतील. पण उभी टाकी आणलीत आणि तो गेला, तर तुम्ही वर्षभर मला तेच ऐकवाल."

दुसऱ्या दिवशी अल्पेश स्वतः टाकी घेऊन आला, आत लावायला एक रोपही. अल्पेशनं आपल्या जुन्या टाकीतला स्पंज फिल्टरमध्ये घातला, त्यातले जिवाणू घाण संपवतात म्हणाला. तायडेंनी थेंब तीनदा मोजले, पाणी कोमट होईपर्यंत थांबले आणि निळूला हळूच सोडलं. तो सरळ रोपामागे गेला आणि दिसेनासा झाला.

आता मात्र त्यांना राहवेना. त्यांनी स्वतःच सपनाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आधी का नाही सांगितलं, पप्पा?"

"भीती वाटली गं."

"बाउल तर मीच आणला होता," ती म्हणाली.

चार दिवस निळूनं काही खाल्लं नाही. पाचव्या सकाळी तायडेंनी एकच दाणा टाकला. तो रोपामागून आला, दाणा तोंडात घेतला, थुंकला. निळू वळला आणि दाणा गिळला.

"जया! खाल्लं!"

जया भिजल्या हातांनी धावत आली आणि दोघं काचेला नाक लावून बसले.

पंख उघडायला महिना गेला. शेपटीची एक कड झडली ती पूर्ण भरली नाही. दर रविवारी तायडे पाव हिस्सा पाणी बदलतात, त्याहून एक मग जास्त नाही. मागच्या आठवड्यात अल्पेशकडे खाणं आणायला गेले तेव्हा तो सहज बोलून गेला, की फायटर दोन-तीन वर्षं जगतो.

"दोन की तीन?" तायडेंनी विचारलं.

अल्पेशनं पुडी हातात ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तायडे तरीही उत्तरासाठी तिथेच उभे राहिले.