बत्तीस पानं आणि एक गाईड

अमेरिकेतल्या अल्फारेटात आमचं घर जिथं आहे तिथून दूध आणायलाही चालत जाता येत नाही. बाहेरच्या मोठ्या रस्त्याला फूटपाथ नाही, आणि गाड्या अशा सुसाट जातात की कडेनं चालणारी बाई दिसली तर लोक काळजीनं पोलिसांना फोन करतील. घरात गाडी एक. ती सकाळी नवरा घेऊन जातो. माझा व्हिसा त्याच्या नोकरीला बांधलेला. त्यावर मला नोकरी करता येत नव्हती, शिकता येत होतं. म्हणून मी इथल्या कॉलेजात नाव घातलं. जायचं होतं नर्सिंगला, पण त्याआधी इंग्रजी साहित्याचा एक कोर्स पास होणं सक्तीचं होतं. इंजेक्शन द्यायला कादंबरी कशाला लागते, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी मागच्या गल्लीतल्या काकू मला सोडायच्या. त्यांचे यजमान इथले जुने डॉक्टर, आता रिटायर झालेले. लग्न होऊन काकू त्यांच्याबरोबर आल्या, त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. माझा तास होईपर्यंत त्या कॉलेजच्या लायब्ररीत मासिकं चाळत बसायच्या. आठवड्यातले उरलेले पाच दिवस मी आणि डिशवॉशर.

नेमलेली कादंबरी जाडजूड आणि जुन्या इंग्रजीतली. माळावरच्या घरात एक बाई राहते, रोज संध्याकाळी खिडकीत कंदील लावते आणि वाट बघते, एवढं मला पहिल्या बत्तीस पानांत कळलं. तेहेतिसाव्या पानावर एकच वाक्य पाऊण पान चाललं, तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि लॅपटॉप उघडला.

काकूच म्हणाल्या होत्या, "अगं, ऑनलाइन सगळी गाईड्स असतात. माझी नातवंडं तेच वाचतात, पुस्तक कोण उघडतंय!"

तीन गाईडं सापडली. पहिल्यात डावीकडे मूळ मजकूर आणि उजवीकडे तोच सोप्या इंग्रजीत. दुसऱ्यात एक दाढीवाला व्हिडिओतून हातवारे करत विनोद सांगायचा. त्याचे विनोद समजायला आणखी एक गाईड लागलं असतं. तिसऱ्यात प्रत्येक प्रकरणाचा सारांश, पात्रांची स्वभावचित्रं, आणि खाली प्रश्न व त्यांची तयार उत्तरं. ते बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आम्ही दहावीला असंच एक गाईड ब्राउन पेपरचं कव्हर घालून वर्षभर वापरलं होतं, आणि मराठीत शाळेत पहिली आले होते मी. त्यामुळे कोणतं गाईड समजायला सोपं आहे हे मी बघितलंच नाही. पाठ करायला सोपं कोणतं, ते बघितलं.

आणि पाठ केलं. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना. कंदील म्हणजे आशा, कुंपण म्हणजे समाज, बंद खिडकी म्हणजे दडपलेलं मन. वर्गात बसून निबंध लिहायचा दिवस आला तेव्हा फोन, लॅपटॉप सगळं बॅगेत, बॅगा भिंतीशी. मी खाली मान घालून दोन पानं लिहिली, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नाही. फार दिवसांनी आपल्याला काहीतरी येतं असं वाटलं.

पुढच्या मंगळवारी शिकवणाऱ्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा निबंध आणि शेजारी त्या साइटची छापलेली पानं. दोन्हींवर पिवळ्या रेघा, ओळीला ओळ जुळवून.

"फोन कुठे लपवला होता?" त्यांनी विचारलं.

"फोन नव्हता. मी पाठ केलं होतं."

त्यांचा विश्वास बसेना. मग मी उभी राहिले, हात मागे बांधले आणि पहिला परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला. शाळेत असं म्हटलं की बाई शाबासकी द्यायच्या. या मॅडम माझ्याकडे डॉक्टर रिपोर्टकडे बघतात तशा बघत राहिल्या. दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर मला माझी इतकी लाज वाटली की मी मटकन खाली बसले.

त्या शांतपणे म्हणाल्या, "स्मरणशक्ती तुमची आहे. वाक्यं तुमची नाहीत." वर कळवलं तर नर्सिंगचं दार कायमचं बंद. त्यांनी एक संधी दिली: गुरुवारी याच खोलीत बसून नवा निबंध लिहायचा. पुस्तक चालेल, गाईड नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढं काय टेन्शन घेतेस यार? ड्रॉप कर, नेक्स्ट सेमिस्टरला घे." त्याच्यासाठी सेमिस्टर होतं. माझ्यासाठी ते या घरातले आणखी पाच महिने होते. मी चिडून ताट आपटलं आणि मग ते मलाच घासावं लागलं.

पूर्ण बुधवार पुस्तक उघडून बसले. पण आता पुस्तकच दिसेना. कंदील आला की आशा, कुंपण आलं की समाज. साधा कंदील म्हणून कंदील बघायची सोयच उरली नव्हती. मी जिथं जाईन तिथं गाईड आधीच जाऊन बसलेलं. माझ्या डोक्यातही मला जागा नव्हती.

गुरुवारी प्रश्न एकच होता: दाराला कुलूप नसताना ही बाई घर सोडून का जात नाही?

पहिलं वाक्य आलं ते गाईडचं. खोडलं. दुसरंही त्याचंच. तेही खोडलं. अर्धा तास असा गेला, कागदाची नुसती चाळण झाली. मग घाबरून, जे सुचेल ते, शाळकरी इंग्रजीत लिहीत गेले. ती जात नाही कारण जायचं कुठे ते ठरवायलाही आधी बाहेर पडावं लागतं. रोज कुणाला तरी विचारून निघायचं, तर एखाद दिवशी विचारायचाच कंटाळा येतो. आणि तिच्या घरापुढच्या रस्त्याला फूटपाथ नाही.

आठवड्यानं निबंध हातात आला. सी ग्रेड. पास झाले, नर्सिंग वाचलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण शेवटच्या वाक्याखाली मॅडमनी रेघ मारून समासात बारीक अक्षरात विचारलं होतं, 'हे पुस्तकात कुठे आहे?'

गाडीत बसल्यावर तो कागद मी काकूंपुढे धरला. म्हटलं, "बघा ना काकू, काय मूर्खपणा केलाय मी. शंभर वर्षांपूर्वीच्या माळावर फूटपाथ!"

काकूंनी चष्मा लावला, ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. किल्ली त्यांच्या हातातच होती.

"आमच्याही रस्त्याला नव्हता गं," त्या म्हणाल्या. "मी सात वर्षं घरात होते."

मग त्यांनी कागद नीट घडी करून मला परत दिला आणि गाडी सुरू केली.